चार्जिंग थांब्यावरची चाळीस मिनिटे

विजेची मोटार चार्जिंगला लावली की गाडी कामाला लागते आणि माणूस रिकामा होतो. पेट्रोल भरायला पाच मिनिटे पुरतात. बरेच जण तेवढ्यासाठी गाडीतून उतरतही नाहीत. विजेचे तसे नाही. ४५ किलोवॅट-तासाची बॅटरी दहा टक्क्यांवरून ऐंशीवर न्यायची म्हणजे सुमारे साडेएकतीस किलोवॅट-तास वीज आत जायला हवी. महामार्गांवर बऱ्याच ठिकाणी दिसणाऱ्या ६० किलोवॅटच्या चार्जरवर त्याला, थोडीफार घट धरून, पस्तीस-चाळीस मिनिटे लागतात. दोन गनच्या, म्हणजे गाडीला लावायच्या दोन केबलींच्या, चार्जरवर शेजारी दुसरी गाडी येऊन लागली तर वीज दोघांत वाटली जाते आणि वेळ आणखी लांबतो. ऐंशी टक्क्यांनंतर बॅटरी स्वतःच्या रक्षणासाठी वीज घेण्याचा वेग कमी करते, म्हणून सरावलेले चालक तिथेच गन काढून पुढे निघतात.

एवढ्या वेळात माणसाला लागणाऱ्या गोष्टी साध्याच आहेत. आधी स्वच्छतागृह, मग पाणी, सावली, टेकायला जागा, चहा. रात्र असेल तर भरपूर उजेड आणि आसपास माणसांचा वावर. तान्हे मूल बरोबर असेल तर त्याचे कपडे बदलायला एक आडोसा. या सोयी कारखान्यात तयार करायच्या, ट्रेलरवरून चार्जिंगच्या जागी आणायच्या आणि तिथे नुसत्या जोडायच्या, या पद्धतीला मॉड्युलर सुविधा म्हणतात. मेट्रोच्या कामावर, टोलनाक्यावर, सोसायटीच्या फाटकाशी दिसणारी पोर्टा केबिन हे तिचे सर्वांच्या ओळखीचे रूप.

पेट्रोल पंपावरही या सोयी आपसूक आलेल्या नाहीत. मोफत हवा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि प्रथमोपचार पेटी ठेवणे सरकारी तेल कंपन्यांच्या नियमावलीने पंपचालकाला बंधनकारक केले आहे. ते किती पाळले जाते हा भाग वेगळा. पण पंपावर कायम माणसे असतात, त्यांना स्वतःलाही या गोष्टी लागतात, त्यामुळे निदान एक नळ आणि एक संडास तरी असतोच. चार्जरला माणूस लागत नाही. पैसे ॲप घेते, गन चालक स्वतः लावतो, आणि कंपनीचा माणूस दूरच्या एखाद्या शहरात पडद्यासमोर बसून यंत्रावर नजर ठेवतो. खर्चाच्या दृष्टीने हा मोठा फायदा आहे. थांबलेल्या कुटुंबाला मात्र तिथे विचारायलाही कोणी सापडत नाही.

यावर आपल्याकडे निघालेला तोडगा असा, की सोय चार्जरकडे नेण्याऐवजी चार्जरच सोयीकडे न्यायचा. पुणे-कोल्हापूर किंवा मुंबई-नाशिक रस्त्यावरच्या हॉटेलांच्या पार्किंगमध्ये चार्जर बसले ते याच विचाराने. हॉटेलमालकाला बसून जेवणारे गिऱ्हाईक मिळते, चार्जर कंपनीला तयार जागा आणि तयार संडास मिळतो. व्यवहार दोघांच्या सोयीचा आहे आणि जिथे तो जमतो तिथे नवे काही उभारायची गरज नाही. तो जमत नाही तो नव्या, बंदिस्त महामार्गांवर. जुन्या रस्त्यालगत ढाबा, पंक्चरवाला, उसाचा रस हे सगळे आपोआप उगवत गेले. दोन्ही बाजूंनी कुंपण असलेल्या, ठरावीक ठिकाणीच आत-बाहेर करता येणाऱ्या रस्त्यावर काहीच आपोआप उगवत नाही. आखलेले असेल तेवढेच असते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. रस्ता आधी आणि सुविधा मागाहून, असाच तिथला क्रम राहिला आणि सुरुवातीच्या काळात स्वच्छतागृहांची व खाण्यापिण्याची वानवा हा प्रवाशांच्या तक्रारीचा कायमचा विषय होता. अशा ठिकाणी, तसेच शहराबाहेरचे बस आगार, मालवाहू गाड्यांचे तळ, भाड्याने घेतलेले मोकळे भूखंड इथे सोय चार्जरकडे न्यावी लागते.

तयार भाग आणून वाहनांसाठी थांबा उभारणे ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत मोटारी वाढल्या तेव्हा तेल कंपन्यांनी पोलादी पत्र्याचे तयार पेट्रोल पंप रेल्वेने गावोगाव पाठवले. १९३० च्या दशकात वॉल्टर डॉर्विन टीग या रचनाकाराने टेक्साको कंपनीसाठी पंपाचे ठरावीक नमुने आखले, ते देशभर त्याच रंगात आणि त्याच ठेवणीत उभे राहिले. फ्रान्समध्ये झाँ प्रूव्हे याने वाकवलेल्या पत्र्याचे, बोल्टने जोडायचे पंप केले. त्यांतला १९५३ च्या सुमाराचा एक पंप सोडवून, २००३ मध्ये जर्मनीतल्या वाइल आम राइन इथल्या व्हिट्रा कंपनीच्या आवारात पुन्हा उभा केलेला आजही पाहता येतो. या सगळ्यामागचे कारण व्यापारी होते. जागा भाड्याची, वाहतूक किती येईल याचा भरवसा नाही आणि शेजारच्या कंपनीआधी दुकान उघडायचे. आजच्या चार्जिंगवाल्यांची अडचण अक्षरशः हीच आहे. वर आणखी एक भर पडली आहे ती तंत्राच्या वेगाची. पाच-सात वर्षांपूर्वी दमदार वाटणारा चार्जर आज मंद वाटतो. तो बदलला की गाडीचा थांबायचा वेळ बदलतो, आणि त्याबरोबर लागणाऱ्या सोयीही. विटा-सिमेंटची प्रतीक्षागृहे बांधून ठेवायची तर ती कोणत्या हिशेबाने बांधायची, हाच प्रश्न पडतो.

मॉड्युलर बांधकामाचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिल्यात खोली पूर्ण तयार होऊन येते: भिंती, छत, फरशी, वायरिंग, नळ, आरसा, कमोडसुद्धा. दुसऱ्यात फक्त तुकडे येतात. पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले तक्ते, जागेवर चौकटीत बसवले जातात. तयार खोलीचे काम झटपट होते, पण आकारावर रस्त्याची मर्यादा पडते. भारतात साध्या मालवाहू वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या वर जाऊ शकत नाही. त्याहून रुंद माल ओडीसी, म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरचा, ठरतो आणि परवानगी, पायलट गाडी, रात्रीची वाहतूक असा सगळा व्याप मागे लागतो. म्हणून बहुतेक केबिन २.४ मीटरच्या आसपास रुंद असतात आणि मोठे दालन हवे असेल तर दोन-तीन केबिन शेजारी ठेवून मधल्या भिंती काढतात. जुना जहाजी कंटेनर कापून कॅफे करण्याची फॅशन आहे, पण त्यात एक गोम आहे. कंटेनर आतून जेमतेम २.३५ मीटर रुंद. उष्णतारोधक थर आणि आतले अस्तर लावल्यावर टेबलाला दोन्हीकडून खुर्च्या लावल्या तर मधून वाढप्याला जाता येत नाही. शिवाय त्याची नागमोडी बाजू मोठ्या खिडकीसाठी कापली की ताकद कमी होते. भोवती चौकट वेल्ड करावीच लागते. फोटोत छान दिसणारे बरेच कंटेनर कॅफे उन्हाळ्यात दुपारी ओस का असतात, याचे उत्तर याच आतल्या मापांत आणि पत्र्याच्या जाडीत आहे.

केबिन बसवण्याचा दिवस गाजावाजाचा असतो, पण खरे काम त्याआधी जमिनीत झालेले असते. ठरलेल्या मापावर सिमेंट काँक्रीटची पेडेस्टल, म्हणजे केबिन टेकायचे बुटके खांब, ओतलेली असतात. त्यांची उंची लेव्हलच्या नळीने आणि काटकोन दोन्ही कर्ण मोजून तपासतात. एक कोपरा जरी खाली राहिला तरी केबिन पिळवटते, आणि ते कळते दरवाज्यावरून: कारखान्यात अलगद लागणारी कडी इथे लागेनाशी होते. जमिनीतून वर आलेल्या पाइपांची तोंडे आणि केबिनच्या तळातली भोके यांचा मेळ बसावा लागतो. मैल्याच्या चार इंची पाइपचे तोंड तीन बोटे जरी सरकलेले निघाले, तरी क्रेनला भाड्याने उभे ठेवून तयार फरशी कापायची वेळ येते. मग हायड्रा क्रेन चार कोपऱ्यांच्या हुकांना साखळ्या अडकवून केबिन उचलते, दोन माणसे दोरीने तिला वळवतात, ती टेकते, बोल्ट आवळले जातात. दोन केबिनमधल्या सांध्यात रबरी पट्टी आणि वरून पत्र्याची झाकणपट्टी बसते. गळती होते ती जवळजवळ नेहमी याच सांध्यातून. सगळे आधी जुळले असेल तर हे काम एका दिवसात आटोपते.

चार्जरच्या बाबतीतही हाच मार्ग रुळत आहे. टेस्ला कंपनीने काँक्रीटच्या तयार बैठकीवर चार-चार चार्जर कारखान्यातच बसवून, वायरी जोडून, ट्रेलरने पाठवायला सुरुवात केली. जागेवर उरते ती खड्डा, केबल आणि जोडणी. यंत्र आणि सोय दोन्ही अशी तयार येऊ लागली की सगळ्यात सावकाश होणारी गोष्ट उरते वीजजोडणी. ट्रान्सफॉर्मर, उच्चदाब वाहिनी, मंजुरी यांत महिने जातात.

या अडचणीला बगल देणारे एक उदाहरण जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. ऑडी कंपनीचे हे चार्जिंग केंद्र खोक्यांसारख्या तयार घटकांचे आहे. खालच्या खोक्यांत बॅटऱ्या आणि चार्जर, वर सुमारे २०० चौरस मीटरचे प्रतीक्षादालन. चार्जिंगच्या जागा सहा आणि प्रत्येकीची कमाल क्षमता ३२० किलोवॅट; सगळ्या एकदम पूर्ण जोराने चालल्या तर १,९०० किलोवॅटच्या वर वीज लागेल. केंद्राची जोडणी मात्र २०० किलोवॅटचीच आहे. मधली तफावत खोक्यांतल्या बॅटऱ्या भरून काढतात. त्यांची साठवण २.४५ मेगावॅट-तास, आणि त्या नव्या नाहीत: चाचणीसाठी वापरून मोडीत काढलेल्या गाड्यांमधल्या आहेत. २०० किलोवॅटची धार चोवीस तास चालू राहिली तर दिवसाला ४,८०० किलोवॅट-तास होतात. दिवसाला सुमारे ८० गाड्या सामावता येतील असे कंपनीने सांगितले होते. म्हणजे गाडीमागे साठ किलोवॅट-तास. हिशेब चोख आहे.

या केंद्राची खरी खुबी म्हणजे त्याची जोडणी साधी असल्याने ते जवळपास कुठेही ठेवता येते आणि उचलताही येते. जागा आधी ऑनलाइन राखून ठेवता येते, वर बसून काम करता येते, कॉफी मिळते. पण वरचे दालन चालवायला माणसे लागतात आणि प्रत्येक ठिकाणी ते परवडेल असे नाही. पुढे याच कल्पनेचे दालनाविना आटोपशीर रूपही कंपनीने आणले. चार्जर आणि सोय ही दोन खोकी वेगळी ठेवली की एक घ्यायचे, एक सोडायचे हे सहज जमते. एकाच भक्कम इमारतीत सगळे बांधले असते तर ही तडजोड शक्य नव्हती.

याच्या उलट टोकाला ब्रिटनमधले ब्रेनट्री. तिथे ग्रिडसर्व्ह कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये एकदम ३६ गाड्यांचा विजेचा पंप उघडला. डोक्यावर सौर छत, शेजारी सहा मेगावॅट-तासाची बॅटरी, आत कॉफी, पुस्तके-मासिके, टपाल कार्यालय आणि बैठकीच्या खोल्या. ही रीतसर बांधलेली इमारत आहे आणि भरपूर वर्दळीच्या रस्त्यालगत ती शोभते. विरळ वाहतुकीच्या रस्त्यावर एवढी गुंतवणूक अंगावर येईल. नेदरलँड्समध्ये वेगळाच पेच पडला. महामार्गावरच्या थांब्यांवर चार्जर बसवण्याचे परवाने फास्टनेडसारख्या कंपन्यांना मिळाले, पण दुकान चालवण्याचा हक्क त्याच थांब्यावरच्या पेट्रोल पंपाकडे होता. साध्या कॉफीवरून आणि शौचालयावरून बरीच कोर्टबाजी झाली. परवाना लिहितानाच दोन्हींचा विचार एकत्र झाला असता तर ती टळली असती.

सोयीला लागणारी वीज चार्जिंगच्या मानाने नगण्य असते. दिवे, पंखे, दीड टनाचा एक एसी, पाण्याचा पंप आणि चहाचे यंत्र मिळून पाच किलोवॅटही होत नाहीत. एका ६० किलोवॅट चार्जरचा बारावा हिस्सा. तरी ती त्याच मीटरवरून घेता येत नाही. महाराष्ट्रात वाहन चार्जिंगसाठी वेगळा वीजदर आहे, पण त्याच जागेतल्या उपाहारगृहाला, विश्रांतिकक्षाला आणि दुकानाला व्यावसायिक दर लागतो. केबिन मागवतानाच तिचा मीटर, तिचा फीडर वेगळा धरावा लागतो. पत्र्याच्या केबिनचे अर्थिंग नीट असणे आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक ब्रेकर बसवणे ही हौस नव्हे. ओल्या हातांनी माणसे जिथे पत्र्याला टेकून उभी राहतात तिथे तीच जीवरक्षक गोष्ट आहे. पफ पॅनेलमधला फोम पेटला तर विषारी धूर होतो, म्हणून चार्जर आणि ट्रान्सफॉर्मरकडच्या भिंतीला न पेटणाऱ्या रॉकवूलचे पॅनेल वापरलेले बरे. प्रतीक्षाकक्षाचा दरवाजा त्या दिशेला उघडणारा नसावा, एवढे तरी आराखड्यातच पाहता येते.

पाणी हा मात्र सगळ्यात अवघड भाग. दिवसाला दीडशे माणसांनी शौचालय वापरले आणि फ्लश व हात धुणे मिळून माणशी आठ-दहा लिटर धरले तरी बाराशे ते पंधराशे लिटर पाणी लागते. साफसफाईचे वेगळे. दोन हजार लिटरची टाकी भरल्यावर दोन टन भरते. हलक्या केबिनच्या छतावर ती ठेवता येत नाही. ती जमिनीवर ठेवायची आणि पंपाने पाणी वर द्यायचे, किंवा शेजारी स्वतंत्र सांगाडा उभारायचा. मराठवाड्यात किंवा बुलढाण्याकडे मे महिन्यात ही टाकी टँकरनेच भरावी लागेल हे गृहीत धरून टँकर आत येऊन वळेल एवढी जागा ठेवावी लागते. आराखड्यावर ही गोष्ट हमखास विसरली जाते.

मैला कुठे जाणार हा पुढचा प्रश्न. महामार्गावर सांडपाण्याची गटारे नसतात. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा हा जुना उपाय काळ्या चिकण मातीत दगा देतो, कारण ती मातीच पाणी शोषत नाही. बायो-डायजेस्टर हा दुसरा. सियाचिनसारख्या थंड प्रदेशातल्या जवानांसाठी डीआरडीओने जिवाणूंच्या साह्याने मैला कुजवणारी ही टाकी विकसित केली आणि पुढे रेल्वेच्या डब्यांतही तिचे तत्त्व आले. तयार टाकी केबिनबरोबरच येते, त्यामुळे मॉड्युलर थांब्यासाठी ती सोयीची. पण जिवाणू जिवंत राहावे लागतात. सफाई करणाऱ्याने नेहमीच्या सवयीने ॲसिड किंवा फिनाइलची अख्खी बाटली ओतली की ते मरतात, टाकी कुजवायची थांबते आणि आठवड्याभरात वास सुटतो. मग दोष तंत्राला दिला जातो. दारामागे मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत एक सूचना लावणे आणि साठवणीच्या कपाटात ॲसिडची बाटलीच न ठेवणे, एवढ्याने हे बरेचसे टळते.

हवामानानुसार केबिन बदलावी लागते, हे पुरवठादार सहसा आपणहून सांगत नाही. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा एकेरी पत्र्याच्या छताखाली एसी नुसता घरघरतो. छताच्या वर वीतभर अंतर सोडून दुसरा पत्रा टाकला की मधून वारा वाहतो आणि आतली धग बरीच उतरते. याला खर्च थोडा आणि गुण मोठा आहे. त्या दुसऱ्या छतावर सौर पॅनेल बसवले तर तेच काम होते, वर वीजही मिळते. कोकणात प्रश्न गंजाचा. खारट हवेत साधा रंग टिकत नाही. सांगाडा गॅल्व्हनाइज केलेलाच लागतो, तळाची चौकट जमिनीपासून उंच ठेवावी लागते आणि सपाट छताचा मोह टाळून पुरेसा उतार द्यावा लागतो. मुसळधार पावसात उघड्यावर गन लावणे धोक्याचे नसते, यंत्र त्यासाठीच घडवलेले असते. पण भिजत भिजत जड केबल ओढायला कोणालाच आवडत नाही. चार्जरपासून प्रतीक्षाकक्षापर्यंत सलग छत ही पहिली सोय मानायला हवी आणि ती नेमकी शेवटी राहते.

केबिन उंचावली की पायऱ्या येतात आणि पायऱ्या आल्या की चाकाची खुर्ची बाहेर राहते. एकास बारा हा मान्य उतार धरला तर ४५ सेंटिमीटर चढायला ५.४ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. म्हणजे जवळजवळ केबिनच्याच लांबीचा. तो नंतर सुचला तर त्याला जागा उरत नाही. ब्रिटनमध्ये २०२२ साली अपंगांना वापरता येतील अशा चार्जिंग जागांसाठी पीएएस १८९९ हे मानक आले. चार्जरचा पडदा किती उंचीवर असावा, यंत्राभोवती आडवा कठडा का नसावा, गाडीच्या बाजूला किती मोकळी जागा लागते असे बारीक मुद्दे त्यात येतात. आपल्याकडे चार्जर वाहनांच्या धक्क्यापासून वाचवायला त्याभोवती लोखंडी खांब आणि सिमेंटचा ओटा करतात. त्याच ओट्यामुळे खुर्चीवरच्या माणसाचा हात गनपर्यंत पोचत नाही. ओट्याऐवजी चाकाला अडवणारी बुटकी पट्टी जमिनीवर लावली तर दोन्ही हेतू साधतात.

रात्रीच्या सुरक्षिततेसाठीही मांडणीच महत्त्वाची. स्वच्छतागृहाची केबिन संडास म्हणून मागे, कुंपणाकडे ढकलण्याची आपली रीत आहे. एकट्या थांबलेल्या स्त्रीला तिथे जाणे नको वाटते. केबिनचे दार चार्जरवरून आणि चहाच्या खिडकीतून दिसेल असे असावे, वाटेत सावलीचे कोपरे नसावेत. यासाठी जास्तीचा खर्च येत नाही, केबिन पेडेस्टलवर कोणत्या बाजूला तोंड करून ठेवायची एवढे आधी ठरवावे लागते.

या सगळ्याची निगा कोणी आणि कशाच्या बळावर ठेवायची, इथे बहुतेक योजना अडतात. चार्जिंगच्या विजेवरचा नफा थोडा, आणि गाड्या कमी असतील तर तोही नाही. वापरणाऱ्याकडून थोडे पैसे घेऊन स्वच्छता राखता येते हे भारताला नवे नाही. बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभ संस्थेने पैसे देऊन वापरायचे पहिले सार्वजनिक शौचालय पाटण्यात १९७४ मध्ये सुरू केले. जर्मनीच्या महामार्गांवर सॅनिफेअरच्या शौचालयात शिरताना एक युरो भरावा लागतो आणि तेवढ्याच किमतीचे कूपन मिळते, जे तिथल्या दुकानात वटवता येते. लोक कुरकुरतात, पण शौचालये स्वच्छ असतात. चार्जिंगच्या थांब्यावर हे आणखी सोपे आहे, कारण गाडी लावतानाच पैशांचा व्यवहार ॲपवर झालेला असतो. त्या बिलात सुविधेचा हिस्सा धरला तर दारात पेटी ठेवायची गरज नाही. फक्त चहाची टपरी किंवा कॅफे चालवणाऱ्याच्या करारातच सफाईची जबाबदारी घातली पाहिजे. ज्याचे गिऱ्हाईक शौचालयाच्या वासाने पळते, तोच ते धुण्याची काळजी सगळ्यात जास्त घेतो.

सरकारी धोरणांत आता दोन्ही बाजू हळूहळू जवळ येत आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्र असावे असे मार्गदर्शन बरीच वर्षे केले होते आणि महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणातही हेच अंतर आहे. त्याच धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी दिल्याने या रस्त्यांवरचे थांबे आणखी भरतील. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्रीय योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवले आहेत. त्यांचा भर ट्रान्सफॉर्मर, केबल अशा वीजपुरवठ्याच्या साहित्यावर आहे. रस्ते मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२४ मधल्या हमसफर धोरणात मात्र स्वच्छतागृह, बालसंगोपन कक्ष, चाकाची खुर्ची, चालकांसाठी निवास आणि चार्जिंग यांचा एकत्र उल्लेख आहे. एका कागदावर चार्जर आणि दुसऱ्यावर शौचालय अशी विभागणी राहिली, तर दोन ठेकेदार दोन वेळा जमीन खणतील आणि पाइपाची तोंडे पुन्हा जुळणार नाहीत.

टप्प्याटप्प्याने वाढणे हा मॉड्युलर पद्धतीचा सर्वांत मोठा आधार आहे. दोन चार्जर, छत, एक शौचालय केबिन आणि बाकडी एवढ्यावर सुरुवात करावी. गाड्या वाढल्या की चहाची खिडकी, मग प्रतीक्षाकक्ष. अट एकच, की पेडेस्टल, पाण्याची वाहिनी आणि केबलचे रिकामे पाइप पहिल्याच दिवशी पूर्ण आराखड्याप्रमाणे जमिनीत टाकलेले असावेत. पुढे थांबा हलवायची वेळ आली तर केबिन, छत आणि चार्जर निघून नव्या जागी जातात. मागे राहतात ती पेडेस्टल, सेप्टिक टँक आणि पुरलेल्या वाहिन्या. त्यांची भरणी कोणी करायची हे भाडेकरारात लिहिलेले नसेल तर तो खर्च जमीनमालकाच्या गळ्यात पडतो. म्हणून भूखंड देणाऱ्या शेतकऱ्याने किंवा ग्रामपंचायतीने हे कलम आणि जमिनीखालच्या वाहिन्यांचा नकाशा, दोन्ही करार करतानाच मागून घ्यावेत.